बर्फाचं औषध आणि खदानीतले मासे

मुंबईत बर्फ दोनच ठिकाणी बघायला मिळतो, मासळी बाजारात आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. तरीही अंधेरीला विमानतळाच्या आत, आमच्या कंपनीच्या स्टोअरमध्ये, विमानावरचा बर्फ वितळवायच्या औषधाची पिंपं रांगेत उभी असायची. हे ऐकून लोक हसतात. मीही पहिल्यांदा हसले होते आणि लॅबच्या बाईंनी मला तिथल्या तिथे झापलं होतं. "हसतेस काय गं? आपली विमानं काय सांताक्रूझहून जुहूला जातात?"

बाई म्हणजे आमच्या छोट्या प्रयोगशाळेच्या प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची नवी मदतनीस. त्यांनीच मला समजावलं. उत्तरेकडच्या थंड गावांत विमान रात्रभर उघड्यावर उभं राहिलं की पंखांवर बर्फ धरतो, आणि तो घेऊन उडायला गेलं तर विमान नीट वर उठत नाही. म्हणून हे ग्लायकॉल नावाचं औषध पाण्यात मिसळून, गरम करून पंखांवर फवारायचं. खरेदी मुंबईतून व्हायची, पिंपं आमच्याकडे उतरायची आणि मागणी येईल तशी उत्तरेला जायची. एखाद्या वर्षी थंडी कमी पडली की काही पिंपं उरायची, जुनी व्हायची आणि कोपऱ्यात धूळ खात पडायची. रंगाने नारिंगी, हाताला बुळबुळीत, वास किंचित गोडसर. पिंप गळालं की खाली मुंग्यांची रांग लागायची.

आमचं घर मरोळच्या बाजूला, विमानतळाच्या भिंतीलगतच्या चाळीत. चाळ आणि भिंत यांच्यामध्ये एक जुनी दगडाची खदान होती. दगड काढून झाल्यावर कंत्राटदार निघून गेला, खड्डा राहिला, आणि त्यात वर्षानुवर्षं पाणी साचून त्याचं तळं झालं. भिंतीच्या बुडातून आमच्या हँगरचं, म्हणजे विमानं धुवायच्या-दुरुस्तीच्या शेडचं, गटार बाहेर यायचं, ते या खदानीच्या काठाने पुढे नाल्याला जायचं. पाणी जास्त झालं की काठ ओलांडून खदानीत उतरायचं. विमानं घरावरून जाताना भांडी थरथरायची, बोलणं मध्येच थांबवावं लागायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. पाहुणे मात्र दचकायचे.

आता बाबांचं सांगायला हवं, कारण हे सगळं त्यांच्यासाठीच लिहिते आहे. बाबा गिरणीत जॉबर, म्हणजे साच्यांवरचे मुकादम होते. मालवणकडून तरुणपणी आले ते थेट साच्यांच्या खडखडाटात उभे राहिले आणि तिथेच केस पांढरे केले. मग संप झाला, लांबला, आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. इतरांनी भाजीची गाडी लावली, कुणी गावी गेले. बाबांनी हाय खाल्ली. सकाळी सवयीने उठायचे, आंघोळ करून कपडे करायचे आणि बाकड्यावर बसून राहायचे. आईने चार शब्द सुनावले तरी उत्तर नाही. भांडणारा माणूस परवडला, पण गप्प बसलेला नवरा घरात नको, असं आई म्हणायची.

त्या माणसाला खदानीने उठवलं. एका पावसाळ्यात ते स्वतःहून पवईकडे गेले आणि डब्यात रोहू-कटल्याची बोटुकली घेऊन आले. बोटाएवढाले ते मासे त्यांनी खदानीत सोडले. मग कोंडा, शेंगदाण्याची पेंड, चाळीतला उरलासुरला भात, सगळं पाण्यात जाऊ लागलं. पोरांनी दगड मारले की बाबा धावून जायचे. चक्क ओरडायचे! आई पदराला हात पुसत दारात यायची आणि ते ओरडणं ऐकत उभी राहायची. बाहेरच्या माणसाला ती खदान म्हणजे डासांचं घर वाटलं असतं. आम्हाला माहीत होतं की ते मासे आहेत तोवर बाबा आहेत.

हँगरमध्ये राज्य फोरमनचं. साताऱ्याकडचा उंच, सडसडीत माणूस. तोंडाने फटकळ, शुद्ध शाकाहारी, डब्यात कुणी सुकट आणली तर दहा हात लांब बसणारा. त्यांचा खंडेनवमीवर फार जीव. त्या दिवशी हँगर आरशासारखं लख्ख हवं. पाने, हातोडे, ड्रिल, जॅक, कॉम्प्रेसर, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. हत्यारं वर्षभर आपल्यासाठी राबतात, दीड दिवस त्यांना निजू द्या, असं ते म्हणायचे. नव्या पोराने पूजेतला पाना उचलला म्हणून त्यांनी त्याला सगळ्यांसमोर त्या पान्याची माफी मागायला लावली होती. विमान खोळंबलं तर साहेबांना काय सांगायचं ते मी सांगेन, असा त्यांचा खाक्या.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आधी जोरदार साफसफाई निघाली. घरात दसऱ्याच्या आधी अडगळ काढतात, तशीच स्टोअरची काढायची ठरली. मुदत संपलेली बर्फाच्या औषधाची पिंपं जागा अडवून बसली होती. तेल आणि रॉकेल गटारात सोडायचं नाही हे हँगरमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, त्यात फोरमन कडक. पण हे तर पाण्यात विरघळणारं, पेट न घेणारं, गोडसर औषध. वर तवंग येत नाही, नाकाला झोंबत नाही. त्यांनी सरळ मनाने हुकूम दिला, "ओता रे गटारात आणि वरून पाणी मारा." पोरांनी पिंपं आडवी केली, भरपूर पाणी मारलं, आणि रिकामी पिंपंसुद्धा धुऊन पुसून ठेवली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

खंडेनवमीच्या सकाळी मी नवी साडी नेसून निघाले होते. बाबा खदानीच्या काठावर उकिडवे बसलेले दिसले. त्यांनी मला हाताने बोलावलं.

"हयसर ये गो. ह्ये बघ काय करतत."

पाण्यावर सगळीकडे तोंडंच तोंडं होती. एरवी पेंड टाकल्याशिवाय वर न येणारे मासे पाण्याच्या कडेला गोळा झाले होते आणि तोंड वर काढून हवा गिळत होते. काही आडवे झाले होते. पाण्याला शिळ्या सरबतासारखा वास होता.

"श्वास मेळणा नाय त्यांका," बाबा म्हणाले. "पाण्यात कायतरी पडलाहा." मग माझ्याकडे न बघताच, हळू आवाजात म्हणाले, "ह्ये गेले तर माका आता दुसरां काय सुचाचा नाय."

बाबा असं कधी बोलत नसत. मी घरातून स्वच्छ बाटली आणली, पाण्यात बुडवून तोंडापर्यंत भरली आणि जवळजवळ पळतच फाटक गाठलं.

बाई पूजेसाठी गजरा माळून आल्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी हात पुढे केला. आधी बाटली घेतली, तपासणीला लावली, आणि काचेच्या नळीकडे बघत बघतच मला विचारलं, "स्टोअरमधली जुनी पिंपं कुठे गेली गं?" मी सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला.

"हे विष म्हणून मारत नाहीये त्यांना," त्या म्हणाल्या. "पाण्यातले जंतू हे औषध साखरेसारखं खातात. खाताना पाण्यात विरघळलेली सगळी हवा वापरून टाकतात. माशांना उरते काय? शून्य. गुदमरतात बिचारे."

"मग आता?"

"आता पाण्यात हवा घालायची. ढवळा, उपसा, फुंका, काय वाटेल ते करा. पण हे औषध संपेपर्यंत थांबायचं नाही."

हवा म्हटल्यावर मला एकच गोष्ट सुचली. हँगरमधला डिझेलवर चालणारा कॉम्प्रेसर, चाकं लावलेला, गाडीसारखा ओढता येणारा. पण मी तिथे पोचले तेव्हा आरती संपत आली होती. कॉम्प्रेसर सगळ्या हत्यारांच्या मधोमध उभा होता, कपाळी कुंकू आणि गळ्यात झेंडूची भलीमोठी माळ. समोर डोळे मिटून फोरमन.

मी तात्पुरती लागलेली पोरगी, आणि मला त्या माणसाला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. तुमच्या हुकमाने मासे मरताहेत, ही एक. आणि पूजेत बसवलेलं यंत्र उठवा, ही दुसरी. प्रसादाचा नारळ त्यांनी माझ्या हातावर ठेवला, तेव्हा मी एका दमात सगळं बोलून टाकलं. खदान, औषध, हवा, बाबा. गिरणी गेल्यावर त्यांच्याकडे एवढंच उरलं आहे, हेही बोलून गेले आणि रडू फुटलं.

हँगरमध्ये सगळे आमच्याकडे बघत होते. मग फोरमननी कॉम्प्रेसरला हात जोडले, माळ अलगद काढून खुर्चीवर ठेवली आणि दांड्याला हात घातला.

"साहेब, पूजेतलं आहे," कुणीतरी धीर करून म्हणालं.

"मला दिसतंय. देवाचं मी बघतो, तू नळी धर."

त्यांनी पोरांना भराभर कामं वाटली. काहींनी गटाराच्या तोंडाशी वाळूच्या गोणी रचल्या, म्हणजे आणखी काही बाहेर जाऊ नये. काहींनी सापडतील तेवढ्या रबरी नळ्या एकीला एक जोडल्या. रखवालदाराशी काय बोलले देव जाणे, पण त्याने शिडी स्वतः आणून दिली. कॉम्प्रेसर भिंतीला नेऊन लावला. मी शिडीवर चढले आणि नळीचं टोक पलीकडे सोडलं. पलीकडे, मी आधीच धाडलेल्या निरोपावरून, बाबा आणि चाळीतली माणसं बांबूंनी पाणी झोडपत होती.

भिंत पुरुषभराहून उंच. फोरमनना बाबा दिसत नव्हते, बाबांना फोरमन दिसत नव्हते. पण दोघंही जन्मभर यंत्राजवळ उभे राहिलेले, त्यामुळे आवाज चढवून बोलायची सवय दोघांनाही. कशाला तरी लागेल म्हणून काठावर ठेवलेल्या एका लोखंडी पाइपाला बाबांनी तोवर भोकं पाडून ठेवली होती. तो नळीला बांधला, वर दगड बांधला आणि तळाला सोडला.

"चालू करा, साहेबानू!"

हवा सुटली आणि पाइप दगडासकट उसळून पाण्याबाहेर आला. फणा काढल्यासारखा नाचायला लागला. बायका किंचाळत मागे सरल्या.

"आरे, कमी करा! कमी! उत्सव आसा काय?"

"काय म्हणतायत?" फोरमननी मला विचारलं.

"हवा कमी करा म्हणतायत."

"ते कळलं. पुढचं काय म्हणाले?"

मी सांगितलं. त्या तशा धावपळीत तो फटकळ माणूस खो खो हसला. त्यांनी हवा कमी केली, पलीकडे आणखी दगड बांधले गेले, आणि मग खदानीच्या मधोमध पाणी खदखदायला लागलं. आधी काहीच झालं नाही. मासे आपले कडेलाच तोंडं वासून. नंतर त्यातले काही हळूहळू बुडबुड्यांकडे सरकले. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, मेलेले मासे बाजूला काढत, जिवंत मासे हाताने त्या बाजूला ढकलत होते. ऊन कलायला लागलं तेव्हा कडेची गर्दी विरळ झाली होती. मासे खाली जात होते.

"काय खबर?" भिंतीआडून फोरमन ओरडले.

"जगतले!" बाबा ओरडले. त्यांचा आवाज फुटला होता. "साहेबानू, जगतले!"

पूजेला म्हणून मंडळी अर्ध्या दिवसासाठी आली होती. सुट्टी झाल्यावरही कुणी घरी गेलं नाही. पाळी लावून कॉम्प्रेसर चालू ठेवला आणि दसऱ्याच्या दुपारी बाईंनी स्वतः येऊन पाणी तपासलं, तेव्हाच थांबवला. सगळे मासे वाचले असं नाही, बरेच गेले. पण खदानीत मासे राहिले, आणि आमच्या घरात बाबा राहिले. त्या दिवशी त्या माणसाने पूजा मोडली नसती, तर माझ्या वडिलांचं काय झालं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही. हे उपकार फिटणारे नाहीत, आणि फिटावेत असंही मला वाटत नाही. काही ऋणांत राहण्यातच सुख असतं.

आईची वेगळीच पंचाईत. मासे वाचवणाऱ्याला मासे द्यावेत, तर तो मासे खात नाही! शेवटी तिने शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया, केले आणि नारळाच्या रसासकट डबा माझ्याबरोबर पाठवला. फोरमननी आधी डब्याचा वास घेतला. खात्री पटल्यावर एकटेच सगळे खाऊन बसले.

यानंतर बाई हात धुऊन मागे लागल्या. वरच्या साहेबांना त्यांनी पटवलं आणि हँगरमागे सिमेंटची टाकी बांधून घेतली. औषधाचा थेंबही आता गटारात जायचा नाही. वाया गेलेलं सगळं वेगळं साठवायचं आणि मैला शुद्ध करणाऱ्या केंद्राकडे थोडं थोडं पाठवायचं, एकदम नाही, म्हणजे तिथल्या जंतूंना ते पचेल. विमान धुतलेलं पाणी टाकीत निवळू द्यायचं, वरचं तेल काढायचं, आणि मगच झडप उघडून ते बाहेर सोडायचं. बाई आठवड्यातून एकदा ते पाणी तपासायच्या.

"आणि मधले दिवस?" फोरमननी विचारलं. मग स्वतःच भिंतीकडे बघून म्हणाले, "मधल्या दिवसांचा बंदोबस्त पलीकडे बसलेला आहे की."

अशी ती पद्धत सुरू झाली. कुठल्याही कागदावर नव्हती. सकाळी हँगरचा भोंगा झाला की फोरमन झडपेजवळ येऊन उभे राहायचे. पलीकडे बाबा खदानीला फेरी मारून आलेले असायचे. मासे खाली असले, पाण्याला वास नसला, की भिंतीवरून आवाज यायचा, "सोडा!" मासे वर आले असले तर, "आज नको!" मग झडप बंदच. कधी बाबा मुद्दाम विचारायचे, "काल काय सोडल्यात? फेस कसलो इलो?" आणि इकडून फोरमन साबण बदलल्याचं इमानदारीत सांगायचे. विमानतळाचा फोरमन आणि बंद गिरणीचा जॉबर, मध्ये भिंत, आणि दोघांचं रोजचं कामाचं बोलणं. मी लॅबमध्ये बसून ते ऐकायचे आणि मला फार बरं वाटायचं. महिनोन्महिने दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात बाबांना ताप आला. अंगात कणकण होती, तरी उठू बघत होते, आईने दाबून निजवलं. एक दिवस नाही गेलात तर मासे काय मोर्चा काढणार आहेत, असं म्हणाली. माझी साप्ताहिक सुट्टी होती, मी कांजी करत होते. भोंगा झाला. बाबा छताकडे बघत पडून राहिले.

थोड्या वेळाने दारात सायकलची घंटा वाजली. फाटकातून बाहेर पडून, सगळा वळसा घालून, पत्ता विचारत विचारत फोरमन आले होते. खाकी गणवेश, हाताला ग्रीस. उंबऱ्याशी उभे राहून ते बाबांकडे बघत राहिले. आवाजावरून त्यांनी मनात बांधलेला माणूस बहुधा जास्त धिप्पाड असावा.

"पाणी अडवून ठेवलंय," ते म्हणाले. "टाकी काठोकाठ भरली. पुढचं विमान धुवायला घेता येत नाही, पोरं खोळंबलीत. म्हटलं, बघून यावं." मग नेहमीच्या फटकळपणे विचारलं, "काय हो, आज खाडा?"

गिरणी बंद झाल्यापासून बाबांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते गेले नाहीत म्हणून कुणाचं काम अडलं नव्हतं. बाबा उठून बसले. आईने चादर ओढून त्यांना परत निजवायला हात पुढे केला आणि त्यांचा चेहरा बघून मागे घेतला. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत होता.

"खाडो नको, साहेबानू. अर्धो दिस लावा," ते म्हणाले आणि खुंटीवरचा सदरा काढला. "इलंय मी."